भिंतीला खिळा नको

बाबा,

ऑस्ट्रेलियाहून परत येऊन आठवडा झाला तरी माझे पाय अजून बोलतायत. या वयात कातळ चढायला कुणी सांगितलं होतं, असं तुम्ही विचारलं असतंत. तुमच्या नातीने सांगितलं. त्या देशाच्या पार उत्तरेला डार्विन म्हणून गाव आहे, तिथल्या हॉस्पिटलात ती फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे गुडघे वाकवते, तेव्हा आईचेही वाकवून बघावेत असं तिला वाटलं असेल. तुम्ही गेलात तेव्हा ती शाळेत होती आणि तुमच्याशी फोनवर इंग्रजीत बोलायची. अजूनही तशीच बोलते, फक्त आता मला न विचारता माझी तिकिटं काढते. मी गेले. कुणी तिकीट हातात ठेवलं की मला नाही म्हणवत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

आधी इथलं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दुबईत जबल अली बंदराजवळची माझी नोकरी या महिनाअखेरीला संपतेय. भांडण नाही, तंटा नाही. कंपनी दुसऱ्या कुणी घेतली, नव्या मालकांचे हिशेब पुण्यात बसून चार पोरं करतात, त्यांना गोदामाशेजारच्या पोर्टाकेबिनमध्ये बसणारी पंचावन्न वर्षांची बाई कशाला हवी. एचआरमधली मुलगी मला हे सांगताना इतकी कावरीबावरी झाली की शेवटी मीच तिला चहा पाजला. नोकरी गेली की व्हिसा गेला, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. मग जायचं कुठे? लेक म्हणते डार्विनला ये, खोली तयार आहे. डोंबिवलीत तुमचा फ्लॅट कुलूप लावून उभा आहे, तुम्ही माझ्यासाठीच ठेवलेला. दुबईच्या करामातल्या जुन्या ओळखीच्या बायका सुपरमार्केटात भेटल्या की विचारतात, काय मग, ठरलं का? मी म्हणते, बघू, इन्शाल्ला. बाबा, मला इतका कंटाळा आलाय ना, की कुणी दोन दारं उघडून दाखवली तर दोन्हींच्या मध्ये फतकल मारून बसेन असं झालंय. महिना संपायला थोडेच दिवस उरलेत.

अल मजाजच्या आपल्याच घरात मी अजून राहते. आई गेल्यावर तुम्ही करामा सोडून शारजात आलात ते हे घर, आणि माझं लग्न मोडल्यावर मी चार वर्षांच्या पोरीला घेऊन तुमच्या दारात उभी राहिले तेही हेच. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. सुरमईचं कालवण शिजत होतं, तुम्ही म्हणालात, हात धुवा, बसा. दुसऱ्या दिवशी घराचे नियम सांगितलेत. गॅस झोपताना खालून बंद करायचा, आणि भिंतीला खिळा ठोकायचा नाही. घर सोडताना मालक भिंती बघतो, म्हणून. कॅलेंडर फ्रिजवर उभं, आईचा फोटो टीव्हीला टेकून, आरसा कपाटाला सुतळीने बांधलेला. आणि बेडरूमच्या कपाटावर छतापर्यंत रचलेले ते खोके! मिक्सरचा, टीव्हीचा, इस्त्रीचा, प्रत्येक वस्तूचा मूळ खोका, आतल्या थर्माकोलसकट. परत जाताना लागतील. इथल्या सगळ्या आपल्या लोकांच्या कपाटांवर तेच, हे मला नंतर कळलं. करामात एका घरी मी वीस वर्षांपूर्वीच्या टेपरेकॉर्डरचा खोका पाहिला होता, टेपरेकॉर्डर केव्हाच मोडीत गेला होता. चांगली काचेची भांडीही इथे वापरायची नाहीत, ती परत गेल्यावर. आपण सगळे इथे जेवलो ते स्टीलच्या ताटात आणि दह्याच्या रिकाम्या डब्यांत.

पोरीने एकदा हॉलच्या भिंतीवर खडूने मासा काढला होता, आठवतं? तुमच्या खांद्याएवढ्या उंचीवर, खुर्चीवर चढून, निळा आणि केशरी. मी बाजारातून आले तर तुम्ही शुक्रवारची सुट्टी घालवून टूथपेस्ट आणि जुन्या ब्रशने भिंत घासताय आणि ती कोपऱ्यात मुसमुसतेय. तुम्ही तिच्यावर आवाज चढवला नव्हता. तुमचा आवाज कधी चढायचाच नाही, म्हणून तर जास्त लागायचं. तुम्ही फक्त म्हणालात, "ही भिंत आपली नाही, बाळा. आपण इथे कामाला आलोय." दुसऱ्या दिवशी, जिथे इमारतींचे नकाशे काढायचात त्या ऑफिसातून, ट्रेसिंग पेपरचा अख्खा रोल घेऊन आलात आणि मास्किंग टेपने, जिचा डाग राहत नाही, भिंतीवर हातभर कागद चिकटवून दिलात. त्यानंतर ती वर्षानुवर्षं त्याच कागदावर काढत राहिली. तो रोल संपता संपेना. इतकी चांगली भेट तिला दुसऱ्या कुणी दिली नाही, असं ती अजून सांगते, पण ती टूथपेस्टही विसरलेली नाही.

तर काकाडू. डार्विनहून गाडीने तीन तासांवर हे नॅशनल पार्क, एवढं मोठं की आपल्याकडचे दोन-तीन जिल्हे त्यात बसतील. इथे जुलैचा उन्हाळा भाजून काढत होता आणि तिकडे त्याला हिवाळा म्हणतात. तो हिवाळाही आपल्या डोंबिवलीच्या एप्रिलसारखा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसाहून उंच वारुळं आणि वाळलेलं गवत, आणि अधूनमधून ते गवत जळतंय. माझा जीव वर-खाली. लेक म्हणाली, घाबरू नकोस, ही माणसंच लावतात, दरवर्षी, थोडं थोडं, म्हणजे नंतर मोठा वणवा लागत नाही. सकाळी होडीत बसलो. कमळांच्या पानांवरून लांब बोटांचे पक्षी चालत होते, दुडदुडत, पाय न भिजवता. काळी-पांढरी बदकं हजारोंनी, आणि एक लाल पायांचा करकोचा सरकारी साहेबासारखा सगळ्यांमधून पाहणी करत फिरत होता. मगरी तर काय सांगू. होडीच्या काठापासून हातभर अंतरावर एक पडली होती, जबडा उघडा, डोळे बंद. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले, जसं काही तिला पर्सच हवी होती. लेक हसली. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याकडे बघून अशी हसली, आणि मला बरं वाटलं. पण मला कळत होतं की हे सगळं मला दाखवायला आणलंय. बघ किती छान आहे, ये. मुलगी पसंत पडावी म्हणून पाहुण्यांना घर दाखवतात ना, तसं चाललं होतं.

दुपारी चित्रांच्या कातळाकडे गेलो. मोठमोठ्या कपारी, वरून छज्ज्यासारखा पुढे आलेला दगड, आणि त्याखाली सावलीत भिंतभर चित्रं. गेरूची लाल, पिवळी, पांढरी. तिथले मूळचे लोक हजारो वर्षं काढत आलेत. जुन्या चित्रावर नवं, त्यावर आणखी नवं. कुणी आधीचं पुसलेलं नाही, कुणी जागा मोकळी शोधत बसलेलं नाही. माणसाचे हात होते, दगडावर हात ठेवून तोंडाने रंग फुंकून उमटवलेले. आणि मासे! बाबा, त्या माशांचे काटेकुटे, आतडी, सगळं आतलं बाहेरून दिसत होतं. बाकीचे लोक वा वा करत होते आणि माझ्या मनात आलं, हा तर सेक्शन आहे, मधोमध कापून आतलं दाखवणारा. तुम्ही जन्मभर काढलात तो. प्लॅन, एलेव्हेशन, सेक्शन. तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून दगडाला नाक लावलं असतंत आणि म्हणाला असतात, पाठीचा कणा बरोबर आहे, शेपटीकडे घाई केलीय. मला एकदम इतकी आठवण आली की मी बाटलीतलं पाणी प्यायचं निमित्त करून बाजूला झाले. लेक त्या माशासमोर बराच वेळ उभी होती.

जरा पुढे एक गोरा माणूस काढलेला होता. म्हणजे गोरे तिकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना बघून कुणीतरी काढलेला. आजूबाजूला भाले घेऊन पळणारी माणसं, शिकार करणारी, वाकलेली, आणि हा एकटा पँटच्या खिशात हात घालून उभा. बघणाऱ्याला तेवढंच नवल वाटलं असावं, की याच्या हातांना काही कामच नाही. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत होते, खिशात हात घालून, हसत. मला हसू आलं नाही. तुमचं ऑफिस गेलं त्या हिवाळ्यात तुम्ही असे उभे राहायचात, घराखालच्या खाडीच्या, लगूनच्या, रेलिंगपाशी. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. तुमचे हात मी तोवर कधी रिकामे पाहिलेच नव्हते.

त्या वर्षाबद्दल आपण कधी बोललो नाही. समुद्रात भर घालून केलेल्या बेटावर उंच इमारती होणार होत्या, आणि त्यांचे जिने तुमच्याकडे होते. नुसते जिने. आग लागली तर माणसांनी उतरायचे, पायरीची उंची, पायरीची रुंदी, कठड्याचा कोन, मजल्यामागून मजला. लोक लॉबी बघतात, लिफ्ट बघतात, जिना कुणी बघत नाही, पण जीव त्याच्यावर असतो, असं तुम्ही म्हणायचात. मग ती मंदी आली. आधी एक क्रेन थांबली, मग सगळ्या. तुमच्या ऑफिसात एकेकाला मीटिंग रूममध्ये बोलावू लागले. तुम्ही त्या दिवशी नेहमीच्या वेळी घरी आलात, हातात तुमची बसायची उशी. खुर्ची कंपनीची होती, उशी आपली होती. मला म्हणालात, "चला. सुटलो एकदाचा." आणि मग इतक्या उत्साहाने सुतळ्या आणि टेप काढून बसलात की मला वाटलं, खरंच सुटले. मी माझ्या नोकरीवर तुमचा व्हिसा काढायला गेले होते. व्हिसाचे अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरमधल्या माणसाने माझ्या पगाराचा आकडा बघितला, मान हलवली आणि म्हणाला, मॅडम, इसमें नहीं होगा, खलास. मी बाहेर येऊन भर उन्हात रडले. तुम्हाला मात्र सांगितलं की अर्ज करायला वेळच झाला नाही. तुम्ही म्हणालात, बरं झालं, उगाच धावपळ. ते खोके पहिल्यांदा कपाटावरून खाली आले. प्रत्येक वस्तू आपापल्या थर्माकोलात बरोब्बर बसली आणि तुम्ही अगदी समाधानाने माझ्याकडे पाहिलंत. मला त्या समाधानाचा राग आला होता. आज तो राग नाही, थकवाच आहे नुसता.

डोंबिवलीला मी पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं होतं, आता घर लागलेलं असेल. खोके उघडलेले होते, वस्तू बाहेर होत्या. भिंती मात्र पांढऱ्याफटक, कोऱ्या. स्वतःचं घर, स्वतःच्या नावाचं, हप्ते फिटलेलं, आणि आईचा फोटो टीपॉयवर भिंतीला टेकून, कॅलेंडर फ्रिजवर. शेजारचे काका ड्रिल घेऊन दोनदा येऊन गेल्याचं त्यांनीच मला सांगितलं. तुम्ही दोन्ही वेळा म्हणालात, राहू दे, नंतर बघू. आणि टेबलावरचं घड्याळ दीड तास मागे, इथल्या वेळेवर. मी लावून देऊ का म्हटलं, तर तुम्ही जवळजवळ हिसकावून घेतलंत. नात शाळेतून किती वाजता येते ते मला कळायला हवं, म्हणालात. त्यानंतरची तीन-चार वर्षं, तुम्ही जाईपर्यंत, आपल्या फोनवर ठरलेले प्रश्न. आज धुकं होतं का? लगूनवर गर्दी आहे का? मासळी बाजारात शेरी आलीय का, कशी दिली? मी सांगायची इतक्या दिरहमला, आणि तुम्ही लगेच रुपये करून म्हणायचात, महाग झाली. तुमच्या दारात मासळीवाली येत होती की हो, बाबा. तुम्ही तिला एकदाही भाव विचारल्याचं मला आठवत नाही.

काकाडूत दुसऱ्या दिवशी लेक मला तिच्या एका पेशंटकडे घेऊन गेली. माझ्याच वयाची बाई, त्याच मूळच्या लोकांतली, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, आणि माझ्या लेकीवर फार जीव तिचा. कातळांचा एक भाग तिच्या घराण्याचा आहे, नदीपलीकडे, तिथे कुणालाही असंच जाता येत नाही. तिने बोलावलं होतं. ती गाडीत पुढे बसली, मी मागे, आणि वाटेत तिने माझ्या भाजणीच्या चकल्यांचा अख्खा डबा संपवला. तिला सर्दी झाली होती, दर दोन वाक्यांनी नाक पुसत होती आणि तिच्या भाच्याला शिव्या घालत होती, कारण त्याने तिची गाडी नेली होती आणि पेट्रोल न भरता आणून ठेवली होती. मला ती एकदम आवडली. नदी ओलांडून गाडी थांबली, मी उतरून तरातरा पुढे निघाले, तर तिने मला दंडाला धरून थांबवलं. असं शिरायचं नाही, म्हणाली. आधी आतल्यांना सांगावं लागतं.

आतले म्हणजे तिचे मेलेले, पूर्वज. नवा माणूस आणला की त्यांना मोठ्याने हाक मारून कळवायचं, ही कोण आहे, कुठली आहे, नाहीतर ते परक्याला त्रास देतात, आजारी पाडतात. माझ्या लेकीची ओळख आधीच करून दिलेली होती. ती तिथे एक घर घेतेय डार्विनजवळ, हेही बाईने त्यांना सांगून टाकलं होतं. मला अजून ते माहीत नव्हतं, पण ते असो. आता माझी पाळी. कुठली, तिने विचारलं. मी म्हटलं, इंडिया. तिने मान हलवली. मी म्हटलं, मुंबई, मुंबईजवळ. ती नाक पुसत म्हणाली, मोठमोठी नावं नकोत, देशबिश नको, त्यांना काय कळणार त्यातलं. तू उठतेस कुठे, झोपतेस कुठे, तिथे पाणी कुठलं आहे, ते सांग. खोटं सांगू नकोस, ते बरं नाही.

बाबा, डोंबिवली म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. तिथल्या खाडीचं नाव मी मनात जुळवतही होते. आणि मी म्हणाले, शारजा. लगून. खालिद लगूनजवळ. तिने दोन-तीनदा म्हणून बघितलं, जिभेवर बसवलं, आणि मग त्या कपारीकडे तोंड करून अशी खणखणीत हाक दिली की झाडावरचे पांढरे पोपट उडाले. तिच्या भाषेतलं लांबलचक काहीतरी, आणि मध्येच, स्वच्छ, शारजा. तो शब्द कातळावर आपटून परत आला. मग तिने नदीच्या पाण्यात हात बुडवून ओला हात माझ्या डोक्यावर थापटला, झालं, चल, म्हणाली आणि लंगडत पुढे निघाली. मी तिथेच. लेक माझ्याकडे बघत होती. मला रडू आवरेना. तिथे आलेल्या पाहुण्याची कुणीतरी अशी नीट, मोठ्याने, नावगाव सांगून ओळख करून द्यावी, एवढ्या साध्या गोष्टीचं रडू. चाळीसहून जास्त वर्षं मी या वाळवंटात काढली, मध्ये शिक्षण आणि ते पाच वर्षांचं लग्न एवढंच काय ते बाहेर, आणि मी कुठली हे मी कुणालाही, कधीही, असं सरळ सांगितलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर लेक गाडी चालवत होती. मग म्हणाली, "मम्मी, यू हेट इट देअर. यू ऑल्वेज सेड सो." मी तसं म्हणत आलेच होते. उन्हाळा, ट्रॅफिक, भाडं, काय हे आयुष्य, चला एकदाचं परत. तुम्ही म्हणायचात, मी म्हणायचे, करामातल्या सगळ्या बायका म्हणायच्या. इथे राहायचं तर तसंच बोलायचं असतं. इथे बरं वाटतं असं एखादा म्हणाला असता तर आपण सगळ्यांनी त्याच्याकडे वळून बघितलं असतं, काय बावळट माणूस आहे म्हणून. मी तिला म्हटलं, अगं, बोलायची पद्धत असते. ती म्हणाली, "दॅट्स अ लाँग टाइम टु बी जस्ट टॉकिंग." मी खिडकीबाहेर बघत बसले. गवत अजून जळत होतं, आणि आता त्याची भीती वाटत नव्हती.

आल्यावर दोन दिवस मी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी आपल्या बिल्डिंगखाली दाताचा दवाखाना आहे, वसईच्या एका कॅथलिक डॉक्टरबाईंचा, त्यांच्याकडे गेले आणि सरळ विचारलं, तुमचे हिशेब कोण बघतं? त्या म्हणाल्या, कुणीच नाही, म्हणून तर ही अवस्था. पगार जबल अलीच्या निम्म्याहून कमी. व्हिसा मात्र देतात, दोन वर्षांचा. मी हो म्हटलं. दोन वर्षांनी पुन्हा हाच प्रश्न येणार आणि तेव्हा मी आणखी म्हातारी असेन, हे मला कळतं. हे शहर माझं होणार नाही, कागदावर तर कधीच नाही, हेही कळतं. डोंबिवलीच्या फ्लॅटला गिऱ्हाईक बघा म्हणून शेजारच्या काकांना कळवलंय. लेकीला आज सकाळी फोन केला. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, पण का? मी म्हटलं, मला तुझी ती मगर झेपायची नाही. ती हसली, आणि मग तिने फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही.

तिला द्यायचं खरं उत्तर तुम्हाला देते, कारण हे पत्र कुठे टाकायचं नाहीये. मला परत जायचं नाही. मला कधीच जायचं नव्हतं. आणि दीड तास मागे ठेवलेलं ते घड्याळ आठवलं की वाटतं, तुम्हालाही नव्हतं, पण ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि आता मी तुमच्या तोंडी घालत नाही. माझ्यापुरतं सांगते. तुम्ही तो फ्लॅट माझ्यासाठी ठेवलात, हप्ते फेडलेत, चांगली भांडी तिथे नेऊन लावलीत, आणि मी येईन म्हणून वाट बघितलीत. तुम्ही आज असतात ना बाबा, तर मी एका शब्दाने नाही म्हटलं नसतं. बॅगा भरून, हसत, डोंबिवलीला येऊन राहिले असते. तुम्ही नाही, म्हणून मी राहतेय.